चूकभूल द्यावी घ्यावी : रस्टमधल्या एरर-क्रेट्सबद्दल

लहानपणी साताऱ्यात महिन्याचा किराणा यायचा, तेव्हा सोबतच्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'चू. भू. द्या. घ्या.' असं छापलेलं असायचं. मला कितीतरी दिवस ती दुकानदाराची पदवी वाटायची, बी. कॉम.सारखी. शेवटी बाबांनी अर्थ सांगितला. हिशेबात चूक निघाली तर जास्त घेतलेले पैसे आम्ही परत देऊ, कमी घेतले असतील तर तुम्ही द्या. चूक होणार हे त्या बिलाला आधीच मान्य असतं, आणि झाली की ती कोणी कोणाच्या हातात द्यायची हेही ठरलेलं असतं.

हे आठवायचं कारण मागचा एपिसोड. संशोधक मंडळी स्वतः लिहितात त्या सॉफ्टवेअरबद्दल आम्ही बोलत होतो, आणि बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेले की रस्ट भाषेत एरर हँडलिंग हा सुटलेला प्रश्न आहे, एनीहाऊ नावाचं क्रेट टाका आणि पुढे चला. नंतर दोघातिघांनी विचारलं, खरंच इतकं सोपं आहे का? नाही. ते वाक्य मी मागे घेते. इतकंच नाही, तर असंच एक क्रेट मी स्वतः लिहिलं होतं, आणि त्याने माझी चांगलीच फजिती केली. ती गोष्ट पुढे येईल. आधी या क्रेट्सबद्दल नीट बोलू, कारण तक्रार करायची तर आधी वस्तू हातात घेऊन बघायला हवी.

ज्यांनी रस्ट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रेट म्हणजे कोणीतरी लिहून ठेवलेलं, कोणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असं मॉड्यूल. रस्ट ही सिस्टिम्स भाषा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, सर्व्हर अशा तळाच्या गोष्टी ज्यात लिहितात त्या सी आणि सी प्लस प्लसच्या घरातली. मोझिलामध्ये वाढली, 1.0 आवृत्ती मे 2015 मध्ये आली. सी भाषेत एखादं फंक्शन फसलं तर ते बहुधा उणे एक नाहीतर रिकामा पॉइंटर परत देतं, आणि का फसलं याचा आकडा एर्रनो नावाच्या एका जागी ठेवून देतं. तो आकडा बघायचा की नाही हे तुमच्यावर. नाही बघितला तर कोणी काही बोलत नाही. उणे एक हा आकडाच असल्यामुळे तो तुम्ही पुढच्या बेरजेत खुशाल घालू शकता.

हा विनोद नाही. 4 जून 1996 ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान 5 हे रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीस सेकंदांच्या आत फुटलं. त्यातलं दिशा मोजणारं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान 4 मधून जसंच्या तसं उचललेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यामुळे 64 बिटांची एक संख्या 16 बिटांत मावेना. चौकशी समितीच्या अहवालात याची कारणं वाचण्यासारखी आहेत. अशा सात संख्या होत्या, त्यांतल्या चारांना संरक्षण दिलेलं होतं, तिघींना नव्हतं, कारण प्रोसेसरवर किती भार टाकायचा याला मर्यादा होती आणि एरियान 4 च्या उड्डाणात त्या तिघी कधी मोठ्या होणारच नव्हत्या. संख्या मावली नाही तशी ती यंत्रणा ठरल्याप्रमाणे बंद पडली. राखीव यंत्रणा त्याच कारणाने क्षणभर आधी बंद पडली होती, कारण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर. पण मला सगळ्यात अंगावर येतो तो पुढचा तपशील. बंद पडताना त्या यंत्रणेने 'माझं काय बिघडलं' हे सांगणारी निदानाची माहिती पाठवली, आणि मुख्य कॉम्प्युटरने तीच रॉकेटची दिशा म्हणून वाचली. चुकीची बातमीच उत्तर म्हणून वापरली गेली.

रस्टची भाषा म्हणून जी काही पुण्याई आहे ती इथे आहे. तिथे फसू शकणारं फंक्शन रिझल्ट नावाची बंद डबी परत देतं. डबीत एकतर 'ओके' म्हणजे उत्तर असतं, नाहीतर 'एर' म्हणजे चूक. डबी उघडल्याशिवाय उत्तर हातात येत नाही, आणि उघडताना दोन्ही शक्यता बघाव्या लागतात. डबी तशीच टाकून दिलीत तर कंपायलर कुरकुरतो. चूक आणि उत्तर एकमेकांत मिसळू शकत नाहीत. किराणा बिलावरच्या त्या चार अक्षरांना भाषेच्या व्याकरणातच जागा दिल्यासारखं आहे हे.

आता अडचण अशी की प्रत्येक डबी प्रत्येक ठिकाणी उघडून बघायची म्हणजे कोड कंटाळवाणा होतो. गो भाषेत लिहिणाऱ्यांना विचारा, दर तिसऱ्या ओळीला 'एरर आहे का' असं विचारायचा किती वैताग येतो ते. म्हणून रस्टने 2016 च्या नोव्हेंबरात एक सोय दिली. फंक्शनच्या हाकेपुढे नुसतं प्रश्नचिन्ह लावायचं. उत्तर असेल तर ते काढून हातात मिळतं, चूक असेल तर आपलं फंक्शन तिथेच थांबून ती चूक आपल्याला ज्याने बोलावलं त्याच्याकडे जाते.

बाबा जिल्हा परिषदेत नोकरीला होते. त्यांच्या ऑफिसात फाईल येते, टेबलावरचा माणूस बघतो, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' असं लिहून सही करतो आणि फाईल वरच्या टेबलावर जाते. तिथूनही तशीच. रस्टमधलं ते प्रश्नचिन्ह म्हणजे ही सही. मी चेष्टा करत नाहीये. बऱ्याच वेळा वर पाठवणं हेच बरोबर असतं, कारण खालच्या माणसाला निर्णयाचा अधिकार नसतो. फक्त फाईल वर जाताना तिच्यावर काय लिहिलेलं असतं यावर वरच्याला तिचं काही करता येईल की नाही हे ठरतं. आणि नेमकी इथे रस्टने मोकळी जागा ठेवली. फाईलचा आकार कसा असावा हे भाषेने सांगितलं, तिच्यावर काय लिहावं हे नाही.

ती मोकळी जागा भरायला क्रेट्स आली. एकामागून एक आली, हेच खरं तर पहिलं टीकेचं कारण. क्विक-एरर, मग 2016 मध्ये एरर-चेन, मग 2017 च्या शेवटी फेल्युअर. प्रत्येक वेळी आता प्रश्न सुटला असं वाटायचं. मी पीएचडीला जर्मनीत असताना रस्ट शिकले तो फेल्युअरचा काळ. सगळेजण ते वापरायचे. त्याची रचना चांगली होती, पण त्याने 'चूक म्हणजे काय' याची स्वतःची व्याख्या आणली होती, भाषेच्या मूळ लायब्ररीतली सोडून. तुमची लायब्ररी फेल्युअरच्या भाषेत चुका सांगायला लागली की तुमची लायब्ररी वापरणाऱ्यालाही तीच भाषा शिकावी लागे. मग भाषेने स्वतःची व्याख्या सुधारली, चुकीमागची मूळ चूक विचारायची सोय 2018 मध्ये मूळ लायब्ररीत आली, आणि 2020 मध्ये फेल्युअर अधिकृतपणे निवृत्त झालं. ज्यांच्या कोडमध्ये ते मुरलेलं होतं त्यांना ते खणून काढावं लागलं. माझ्या प्रबंधाच्या कोडमध्ये ते अजून आहे. त्याला हात लावायची माझी हिंमत नाही.

त्या अनुभवावरून एक कसोटी मी बनवली आहे. दुसऱ्याचं एरर-मॉड्यूल घेताना ते किती सोयी देतं हे नंतर बघायचं. आधी हे बघायचं की उद्या ते काढून टाकलं तर किती जणांना कळेल.

या कसोटीवर धिसएरर हे क्रेट फार वरच्या दर्जाचं आहे. धिसएरर आणि एनीहाऊ ही जोडी ऑक्टोबर 2019 मध्ये आली, दोन्ही डेव्हिड टोलने यांची. रस्टमध्ये ज्यांच्या सर्डेशिवाय पान हलत नाही तेच हे. धिसएररमध्ये तुम्ही आपल्या चुकांची यादी लिहिता: फाईल सापडली नाही, आकडा वाचता आला नाही, तारीख उलटी आहे. प्रत्येकीपुढे माणसाला दाखवायचं वाक्य लिहिता. बाकीचा रटाळ कोड ते कंपाइल होताना लिहून देतं आणि बाजूला होतं. तुमची लायब्ररी वापरणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नाही, सगळं तुम्ही हाताने लिहिल्यासारखंच दिसतं. लग्नघरातल्या चांगल्या आचाऱ्यासारखं, जेवण सगळ्यांनी जेवायचं, आचारी कोण ते यजमानाला माहीत.

एनीहाऊचं काम उलट आहे. ते म्हणतं, चुकांच्या याद्या कशाला करता, कुठलीही चूक माझ्या पिशवीत टाका. पिशवीवर वाटेत चिठ्ठ्या चिकटवता येतात, त्याला ते कॉन्टेक्स्ट म्हणतं. मी त्याला शेरा म्हणते. नुसतं 'अशी फाईल नाही' असं वर जाण्याऐवजी 'सेटिंग वाचताना, अमुक रस्त्यावरची, अशी फाईल नाही' असं वर जातं. ज्याने कधी रात्री दोन वाजता सर्व्हरवरच्या लॉगमध्ये फक्त 'अशी फाईल नाही' एवढं वाक्य वाचलं असेल, त्याला या शेऱ्याची किंमत विचारा. माझ्या मते एनीहाऊची खरी देणगी पिशवी ही नाही, शेरा ही आहे. पिशवी आधीही होती. शेरा मारणं इतकं स्वस्त कोणी केलं नव्हतं.

(एक खाचखळगा जाता जाता. एनीहाऊची चूक साध्या महिरपी कंसांनी छापली तर फक्त सगळ्यात वरचा शेरा दिसतो, खालची मूळ चूक दिसत नाही. पूर्ण साखळी हवी तर कंसांत एक जास्तीचं चिन्ह टाकावं लागतं. हे नियमाप्रमाणे बरोबर आहे, पण मी पाहिलेल्या निम्म्या तरी नवशिक्यांच्या लॉगमध्ये यामुळे नेमकी कामाची ओळ गायब असते.)

दोन्हींची वाटणी कशी करायची, यावर रस्टवाल्यांचं एक ठरलेलं उत्तर आहे: लायब्ररी लिहिताय तर धिसएरर, प्रोग्रॅम लिहिताय तर एनीहाऊ. टोलने यांचा सल्ला साधारण असाच आहे, फक्त त्यांनी तो अधिक बारकाईने दिला आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रश्न असा की तुमच्या चुकीचा प्रकार कोणता याने कोणाला फरक पडतो का. पण लोकांपर्यंत पोचताना त्यातलं बारीक निघून गेलं आणि उरलं फक्त लायब्ररी की प्रोग्रॅम. मला हे मोडकं वाटतं. का, ते ईलिंग ब्रॉडवे स्टेशनवर उभं राहिलं की समजतं.

सकाळी आठची वेळ. एलिझाबेथ लाइनच्या फलाटावर गर्दी, गाडी नाही. कर्ण्यातून आवाज येतो: पॅडिंग्टनच्या बाजूला सिग्नलमध्ये बिघाड झाल्यामुळे गाड्या उशिराने आहेत. यात शेऱ्यांची साखळी आहे. गाडी उशिरा, कारण सिग्नल, कुठे तर पॅडिंग्टनकडे. मला ही माहिती कशाला हवी? सिग्नल दुरुस्त करायला नाही. मला एकच ठरवायचं असतं, थांबायचं की सेंट्रल लाइन पकडायची. ईलिंग ब्रॉडवेहून सेंट्रल आणि डिस्ट्रिक्ट दोन्ही सुटतात, म्हणजे पर्याय आहे. पुढे हॅनवेलला उभी असते तर तो नसता. तिकडे नियंत्रण कक्षातल्या माणसाला कर्ण्यावरच्या वाक्याचा शून्य उपयोग. त्याला सिग्नलचा क्रमांक हवा. म्हणजे एकाच बिघाडाची दोन गिऱ्हाइकं आहेत. एकाला वाचायला वाक्य पाहिजे, दुसऱ्याला निर्णय घ्यायला खूण पाहिजे. यात लायब्ररी कोण आणि प्रोग्रॅम कोण? प्रोग्रॅमच्या आतही शेकडो ठिकाणी निर्णय घ्यावे लागतात. आणि लायब्ररीतल्याही कित्येक चुका अशा असतात की कोणी त्यांच्यावर कधीच काही करणार नाही, नुसत्या छापणार.

याच संदर्भात एक घरची तक्रार. आईच्या फोनवर एक ॲप आहे, सगळं मराठीत. बटणं मराठी, तारखा मराठी. काही बिघडलं की मात्र चौकोनात इंग्रजी वाक्य उगवतं आणि आई मला इकडे स्क्रीनशॉट पाठवते. ते ॲप कशात लिहिलंय मला माहीत नाही, पण असं का होतं याचा मला अंदाज आहे, कारण मीही तेच करते. धिसएररमध्ये चुकीपुढेच वाक्य लिहायचं असतं, एकाच भाषेत, कोडच्या आत. बटणांची भाषांतरं करणाऱ्या माणसाच्या यादीत ते वाक्य कधी जातच नाही. खूण आणि वाक्य एकत्र शिवल्याचा हा तोटा. लिहिणाऱ्याला सोय, वाचणाऱ्याची पंचाईत.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटात आम्ही रस्त्याकडेच्या हवेतले सूक्ष्म कण मोजणारी छोटी यंत्रं बसवली. आकडे गोळा करायला तीन वेगवेगळे प्रोग्रॅम होते, तीन जणांनी लिहिलेले, प्रत्येकाची चुका सांगायची रीत वेगळी. नवीन पोस्टडॉक जे करतात तेच मी केलं. सगळ्यांना एक सामाईक क्रेट लिहून दिलं. नाव ठेवलं 'घोटाळा'. इंग्रज सहकारी त्याला 'गोटाला' म्हणायचे आणि मला उगाच आनंद व्हायचा. आत धिसएरर वापरलं होतं, तीसेक प्रकारच्या चुकांची छान यादी होती, आणि प्रत्येक बाहेरच्या चुकीचं आपोआप आमच्या चुकीत रूपांतर होईल अशी सोय होती. त्या सोयीमुळे कोड इतका स्वच्छ दिसायला लागला, सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं, की एका बैठकीत माझं कौतुकही झालं.

या आपोआप रूपांतराला एक अट असते. बाहेरच्या एका प्रकारच्या चुकीचं रूपांतर तुमच्या एकाच प्रकारात होऊ शकतं. साहजिक आहे, नाहीतर कंपायलरला कसं कळणार कुठल्या खणात टाकायचं? म्हणून फाईल वाचताना येणारी प्रत्येक चूक, मग ती कुठलीही फाईल असो, 'घोटाळा'च्या एकाच खणात पडायची: आयओ. आमच्याकडे दर यंत्राची दर तासाला एक फाईल यायची. बॅटरी उतरली, नेटवर्क गेलं की एखाद्या तासाची फाईल नसायची. हे रोजचंच होतं. म्हणून आकडे गोळा करणाऱ्या कोडमध्ये मी लिहिलं होतं की आयओ खणातली 'फाईल सापडली नाही' अशी चूक आली तर तो तास सोडून पुढे जा. शहाणपणाचा निर्णय होता, आजही वाटतं.

पण तासाचे आकडे वाचायचे म्हणजे आधी त्या यंत्राची कॅलिब्रेशनची फाईल वाचावी लागते, कारण प्रत्येक यंत्र थोडं वेगळं मोजतं. एक दिवस मी फोल्डरांची नावं नीटनेटकी केली. दोन यंत्रांच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल केलं. माझ्या मॅकला कॅपिटल आणि स्मॉल सारखंच, त्यामुळे माझ्याकडे सगळं चाललं. सर्व्हरवर लिनक्स, त्याला फरक पडतो. तिथे त्या दोन यंत्रांची कॅलिब्रेशन फाईल सापडेना. चूक उठली, प्रश्नचिन्हाने वर गेली, आयओ खणात पडली, वरच्या कोडने बघितलं, 'फाईल सापडली नाही', बरं, हा तास सोडा. पुढचा तास सोडा. त्याच्या पुढचा सोडा. ती दोन यंत्रं सगळ्यात वर्दळीच्या चौकातली होती. ती गळल्यावर रस्त्याची सरासरी खाली आली. हवा सुधारली.

तीन महिने हे असं चाललं. प्रोग्रॅम एकदाही थांबला नाही, लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही. मध्ये एका स्थानिक बैठकीत तिथल्या रहिवाशांना मी तो आलेख दाखवला. एक बाई म्हणाल्या की त्यांच्या मुलाचा दम्याचा पंप तर जास्त लागायला लागलाय. मी त्यांना ऋतू, परागकण, मोजमापातली अनिश्चितता असं काय काय समजावून सांगितलं. अगदी आदराने. नंतर नकाशा काढताना दोन ठिपके कमी दिसले तेव्हा मला आधी आठवल्या त्या बाई. कोड मागून. दुरुस्तीचं पत्र पाठवलं, नवा आलेख पाठवला. पत्र लिहायला दोन दिवस लागले, कोड दुरुस्त करायला वीस मिनिटं.

दोष कोणाचा? धिसएररचा नाही, त्याने सांगितलं ते केलं. रस्टचाही नाही. भाषेने मला डबी उघडायला लावली, मी उघडली, आतल्या चुकीकडे बघून निर्णयसुद्धा घेतला. दोष माझ्या त्या सामाईक क्रेटच्या कल्पनेत होता. मी चुकांची वर्गवारी त्या कुठून आल्या यावरून केली: फाईलकडून, नेटवर्ककडून, आकडे वाचणाऱ्याकडून. निर्णय घेणाऱ्याला हवं होतं ते वेगळंच: आपण काय करत असताना ही चूक आली? 'तासाची फाईल उघडत होतो' आणि 'कॅलिब्रेशन उघडत होतो' या त्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी होत्या. माझ्या क्रेटने त्यांच्यावर एकच शिक्का मारला, आणि प्रश्नचिन्हाच्या सोयीमुळे तो शिक्का मारला जातोय हे डोळ्यांना दिसलंसुद्धा नाही. एनीहाऊचा शेरा असता तर? शेऱ्यात 'कॅलिब्रेशन उघडताना' असं लिहिलेलं असतं, पण ते वाक्य वाचायला तिथे माणूस नव्हता. कोडला वाक्य वाचता येत नाही.

या बाबतीत स्नाफू नावाच्या क्रेटचा विचार मला जास्त पटतो. 2019 चंच ते. त्यात मूळ चूक आपोआप वर सरकत नाही. प्रत्येक ठिकाणी 'मी हे करत होतो' असं नाव द्यावंच लागतं, आणि एकाच मूळ चुकीचे कितीही वेगळे खण करता येतात, कारण खण कामावरून पडतात, मूळ चुकीच्या प्रकारावरून नाही. ते वापरायला जड आहे, नावं सुचत नाहीत, चिडचिड होते. पण ती चिडचिड म्हणजेच विचार करायची वेळ असते. एनीहाऊ-धिसएररच्या मानाने ते फार कमी लोक वापरतात, आणि मला वाटतं त्याचं कारण हेच. आपण मॉड्यूल घेतो ते विचार वाचावा म्हणून, आणि हे उलट विचार करायला लावतं.

तुम्ही म्हणाल, एका पोस्टडॉकच्या ढिलाईवरून एवढं कशाला? तर 18 नोव्हेंबर 2025 आठवा. सकाळी साडेअकराच्या आसपास क्लाउडफ्लेअर कोलमडलं आणि एक्स, चॅटजीपीटी यांच्यासकट कितीतरी साईट्स बंद पडल्या. त्यांनी त्याच दिवशी सविस्तर हकीकत लिहिली, ही त्यांची चांगली सवय. डेटाबेसच्या परवानग्यांत एक बदल झाला, त्यामुळे एका प्रश्नाच्या उत्तरात त्याच त्या ओळी दोनदा यायला लागल्या, बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची एक फाईल दुप्पट फुगली. नव्या रस्टमधल्या प्रॉक्सीत या फाईलला 200 नोंदींची मर्यादा होती. एरवी साठेक असायच्या. मर्यादा ओलांडली तशी डबीत 'एर' आली, आणि ती डबी अनरॅपने उघडलेली होती. अनरॅप म्हणजे 'आत उत्तर असणारच, नसेल तर मरू दे' असं लिहून देणं. प्रोग्रॅम मेला.

त्यावर जगभर दोन प्रकारची मतं वाचायला मिळाली. एक, बघा तुमची रस्ट. दोन, अनरॅप वापरायची बंदी घाला, प्रश्नचिन्ह लावा, एनीहाऊ वापरा. दुसरं मत मला पहिल्याइतकंच पोकळ वाटतं. समजा प्रश्नचिन्ह लावलं असतं. चूक शहाण्यासारखी वर गेली असती, सुंदर शेऱ्यांसकट. वर कोणी काय केलं असतं? फाईल वाचता येत नाही, म्हणजे विनंती पुरी करता येत नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला एररचं पान. साईट्स तरीही बंदच. वाचवू शकला असता फक्त एक निर्णय: नवी फाईल बिघडलेली दिसली तर कालची चालू ठेवा. हा निर्णय कुठल्याही क्रेटमध्ये विकत मिळत नाही, कारण कालची फाईल चालते की नाही हे फक्त बॉट ओळखण्याचं काम समजणाऱ्यालाच सांगता येतं.

त्या हकीकतीतला एक परिच्छेद मात्र फार कमी लोकांनी उचलला. क्लाउडफ्लेअरची जुनी प्रॉक्सीही तेव्हा काही गिऱ्हाइकांसाठी चालू होती. तीच फाईल तिच्याकडेही गेली. ती मेली नाही. तिने एकही एरर दाखवली नाही. तिने फक्त प्रत्येकाला बॉट-गुण शून्य द्यायला सुरुवात केली, म्हणजे ज्यांनी त्या गुणांवर बॉट अडवायचे नियम लावले होते त्यांच्याकडे खरी माणसंही बॉट ठरून अडायला लागली. एक प्रॉक्सी बोंब मारून पडली, दुसरी शांतपणे चुकीचं उत्तर देत राहिली. पहिलीची बातमी झाली. माझं 'घोटाळा' दुसऱ्या जातीचं होतं. तीन महिने कोणालाही न सांगता मस्त चाललेलं.

एक गोष्ट क्रेट लिहिणाऱ्यांच्या बाजूने बोलायला हवी. मूळ भाषेत जे नाही ते त्यांनी फुकट, स्वतःच्या वेळात लिहून दिलं, आणि भाषा त्यातूनच शिकली. एरर म्हणजे काय याची व्याख्या ऑपरेटिंग सिस्टिमही नसलेल्या छोट्या चिपांवर वापरता येणं रस्टला सप्टेंबर 2024 मध्ये जमलं, तोवर ती पोकळी याच लोकांनी कशीबशी भरून काढली. टोलने यांच्या दोन्ही क्रेट्सना माझ्या कोडमध्ये आजही जागा आहे. आज्ञावली चालवून छापायचा निकाल असेल, वर बसून वाचणारी मी असेन, तर एनीहाऊसारखं सुख नाही. माझी तक्रार त्यांच्यावर नाहीच, 'टाका आणि पुढे चला' या माझ्याच वाक्यावर आहे.

'घोटाळा' मी काढून टाकलं. तिन्ही प्रोग्रॅममध्ये आता आपापल्या चुकांच्या छोट्या याद्या आहेत, कुठे चार, कुठे सहा. काही नावं दोन ठिकाणी सारखी आहेत आणि नवीन आलेल्या विद्यार्थ्याने परवा विचारलं की हे सगळं एका सामाईक क्रेटमध्ये का नाही टाकत, किती पुनरावृत्ती आहे. मी त्याला हा लेख पाठवणार आहे, मराठी येत नसलं तरी. आकडे गोळा करणारा प्रोग्रॅम कॅलिब्रेशन सापडलं नाही तर आता सरळ थांबतो आणि यंत्राचं नाव सांगतो. गेल्या महिन्यात तो तीनदा थांबला, दोनदा रविवारी. सहकाऱ्यांनी कुरकुर केली की आधी बरं होतं, निदान चालायचं तरी. रविवारी मी घरून, चहाचा कप बाजूला ठेवून, त्या फाईली जागेवर ठेवल्या आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. त्या चौकातले आकडे पुन्हा वर गेलेत. पुढच्या बैठकीला मी तोच आलेख नेणार आहे, तळाशी आमचे ईमेल पत्ते, आणि 'चू. भू. द्या. घ्या.'ला इंग्रजीत काय म्हणतात ते लिहून.